सोय आणि सोयरीक

शिक्षकी पेशात ज्यांनी वीस-पंचवीस वर्षे काढली आहेत त्यांना एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. नवा शिक्षक गावात रुजू झाला की पहिल्या दिवशी जो भेटेल तो एकच प्रश्न विचारतो, "गुरुजी, सोय झाली का?" सोय म्हणजे डोक्यावर छप्पर, दोन वेळचे जेवण, पाण्याची व्यवस्था आणि शाळेत जाण्याची वाट. एवढे जमले की विचारणारा निश्चिंत होतो, घरी तसा निरोप जातो आणि सारे सुरळीत झाले असे सर्वजण धरून चालतात. आणि तरीही महिन्या-दीड महिन्याने तोच शिक्षक बदलीचा अर्ज घेऊन मुख्याध्यापकांच्या दाराशी उभा असतो. जेवण बरे आहे, खोली हवेशीर आहे, मुले गुणी आहेत. मग बिनसले कोठे? खरे तर बिनसलेले काहीच नसते. सोय झालेली असते, सोयरीक झालेली नसते, एवढेच.

सोयरीक हा शब्द आपण लग्नसंबंधापुरता राखून ठेवला आहे. तुकोबांनी मात्र रानातल्या झाडावेलींनाही त्या नात्यात ओढले होते. माणूस आणि गाव यांच्यातही सोयरीक होऊ शकते, किंबहुना ती झाल्याखेरीज माणूस त्या गावात राहतो असे म्हणताच येत नाही. तो केवळ तेथे असतो. आज वाचकांपुढे ठेवायचा विचार तो हाच, आणि त्यासाठी त्यांना थोडे दूर, स्पेन देशातल्या सेगोव्हिया नावाच्या गावी न्यावे लागणार आहे.

माझ्या चुलत बहिणीचे कुटुंब गेली कित्येक वर्षे इंग्लंडमध्ये आहे. तिची मुलगी तेथल्या विद्यापीठात स्पॅनिश भाषा शिकते. ह्या पदवीच्या अभ्यासक्रमात तिसरे वर्ष परदेशात काढण्याची पद्धत आहे, आणि अध्यापनाकडे ओढा असलेली पुष्कळ मुले ते वर्ष एखाद्या शाळेत साहाय्यक शिक्षक म्हणून घालवतात. स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाचा आणि ब्रिटिश कौन्सिलचा १९९६ साली एक करार झाला. तेव्हापासून तेथल्या कित्येक सरकारी प्राथमिक शाळांत काही विषय इंग्रजीतून शिकवले जातात, आणि मुलांच्या कानावर इंग्रजी पडावे म्हणून अशा तरुण साहाय्यकांची तेथे गरज असते. आमच्या भाचीची नेमणूक ऑक्टोबर २०२३ पासून सेगोव्हियातल्या एका शाळेत झाली.

सेगोव्हिया हे माद्रिदच्या वायव्येस, ग्वादार्रामा पर्वताच्या पलीकडे, समुद्रसपाटीपासून सुमारे एक हजार मीटर उंचीवर वसलेले सुमारे पन्नास हजार वस्तीचे गाव. माद्रिदहून वेगवान गाडीने अर्ध्या तासात तेथे पोहोचता येते. पण ही गाडी गावात न थांबता काही किलोमीटर दूर माळावर थांबते. त्या स्थानकाचे नाव सेगोव्हिया-गिओमार. गिओमार हे आन्तोनिओ माचादो ह्या कवीने आपल्या प्रेयसीला कवितेत दिलेले नाव. ज्या देशात आगगाडीच्या स्थानकाला कवितेतल्या स्त्रीचे नाव दिले जाते, तो देश आपल्याला समजून घेईल, अशा विचाराने मुलगी तेथे उतरली असावी. वय एकवीस असले की माणूस असा विचार करतो, आणि तो करावाही.

पहिले पंधरा दिवस सोयीत गेले. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून तेथल्या मुलांनाही स्पेनमध्ये दीर्घकाळ राहण्यासाठी व्हिसा लागतो, आणि पोहोचल्यावर महिन्याभरात परदेशी रहिवाशाच्या ओळखपत्रासाठी अर्ज करून बोटांचे ठसे द्यावे लागतात. त्याआधी नगरपालिकेत जाऊन आपण अमुक घरी राहतो अशी नोंद करावी लागते, आणि त्या नोंदीसाठी घराचा करारनामा लागतो. एका विधवा बाईंच्या घरी खोली मिळाली. नोंद झाली, ठसे झाले, बँकेचे खाते झाले.

ह्या कागदपत्रांत एक गंमत घडली. स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावे असतात, पहिले वडिलांकडचे आणि दुसरे आईकडचे. आपल्या मराठी पद्धतीत स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम. शाळेच्या यादी करणाऱ्याने मधले नाव हे पहिले आडनाव समजून तसेच लिहून टाकले. परिणामी शाळेच्या फलकावर, हजेरीच्या कागदावर आणि नोटिशीवर सर्वत्र तिच्या वडिलांचे नाव तिचे आडनाव म्हणून झळकू लागले. इंग्लंडमध्ये आपल्या कामावर बसलेले आमचे जावईबापू स्पेनमधल्या एका शाळेत दररोज पुकारले जात होते! ह्या निमित्ताने तिला कळले, की तेथली स्त्री लग्नानंतर नाव बदलत नाही आणि आईचे आडनाव मुलांच्या नावातून पुसले जात नाही. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचे नावही घालण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला. स्पॅनिश माणसांना ही रीत पूर्वीपासून अंगवळणी पडलेली आहे.

सोय झाली, पण घड्याळ जुळेना. शाळा सकाळी नऊला सुरू होऊन दुपारी दोनला सुटे. दोन वाजता दुकाने बंद होत, आणि पाच वाजेपर्यंत रस्त्यावर चिटपाखरू दिसत नसे. घरी जेवण तीनला, रात्रीचे जेवण साडेनऊ-दहाला. पोर संध्याकाळी सातलाच भुकेने कासावीस होई आणि खोलीत बसून बिस्किटे खाई. ह्यामागे एक कारण आहे आणि ते तिलाही तेथेच समजले. रेखांशाच्या हिशेबाने सेगोव्हिया लंडनच्याही थोडे पश्चिमेला येते. पण १९४० साली, जनरल फ्रँकोच्या राजवटीत, स्पेनची वेळ मध्य युरोपच्या वेळेशी जुळवण्यात आली, आणि तीच आजतागायत चालू आहे. त्यामुळे ऑक्टोबरच्या आरंभी सूर्य माथ्यावर येतो तेव्हा तेथल्या घड्याळात दोन वाजून गेलेले असतात. म्हणजे ज्याला आपण उशिराचे जेवण म्हणतो ते सूर्याच्या हिशेबाने पुष्कळसे वेळेवरच असते. सरकारने घड्याळाचे काटे हलवले, पण माणसांच्या पोटाने सूर्याची संगत सोडली नाही. परक्या गावची रीत विचित्र वाटते तेव्हा तिचे कारण बहुधा असे आपल्या दृष्टीबाहेर कोठेतरी असते.

तिसऱ्या आठवड्यात एका रात्री तिचा फोन आला. आईवडिलांना सांगितले तर ते लगेच परत ये म्हणतील, म्हणून तिने मामाला गाठले होते.

"मामा, इथं सगळं आहे, पण मी कुठंच नाही," ती तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली. "मी वर्गात जाते, मोठ्यानं इंग्रजी वाचते, मुलं माझ्यामागं म्हणतात, मी घरी येते. एखादं टेपरेकॉर्डर ठेवलं तरी हेच होईल. मी नाताळला घरी गेले की परत येणार नाही."

मी विचारले, "पाव कुठं घेतेस?"

ह्या प्रश्नाने ती बुचकळ्यात पडली असावी. तरी तिने सांगितले, की कोपऱ्यावरच्या पाववाल्याकडे तिचा नंबरच लागत नाही. तेथे कोणी रांगेत उभे राहत नाही, सारे इतस्ततः उभे असतात, आणि तिच्या मागून आलेले लोक पाव घेऊन निघून जातात. नंतर उलगडा झाला तो असा. तेथे दुकानात शिरताना आधी सर्वांना नमस्कार करायचा आणि मग मोठ्याने विचारायचे, 'शेवटचे कोण?' कोणीतरी हात वर करतो. आपण त्याच्या मागे. पुढे येणाऱ्याने विचारले की आपण हात वर करायचा. रांग जमिनीवर आखलेली नसते. ती माणसांच्या बोलण्यात असते. ही मुलगी वीस दिवस मुकाट उभी राहत होती. ती रांगेत आहे हे कोणाला कळणार कसे?

मी तिला एवढेच म्हटले, "बाळ, नाताळचा निर्णय नाताळला घेऊ. तोपर्यंत एक कर. तुझ्या घरमालकीण बाईंकडे काहीतरी मागायला जा. चमचाभर मीठ माग, सुईदोरा माग, काहीही माग."

हा उपदेश माझ्या पदरचा नव्हे, तो ह्या नोकरीने शिकवलेला आहे. खेड्यापाड्यांवर नेमणूक झालेले कितीतरी तरुण शिक्षक मी पाहिले. कोण टिकेल आणि कोण बदलीमागे धावेल, हे ओळखण्याची माझी एक साधी खूण आहे. जो आपल्या ट्रंकेत सहा महिन्यांचा शिधा घेऊन येतो आणि कोणापुढे हात पसरत नाही, तो जातो. जिची बायको दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन शेजारी विरजण मागायला जाते, तो गुरुजी टिकतो. विरजण मागणाऱ्याच्या घरी दुसऱ्या दिवशी दही लागते, आणि त्याबरोबर शेजारणीचे 'लागलं का हो दही?' हेही आपोआप येते. स्वावलंबन हा सद्‌गुण खराच; पण नव्या गावात पहिल्या दिवसापासून संपूर्ण स्वावलंबी राहणारा माणूस गावाला असे सुचवत असतो, की मला तुमची गरज नाही. गावही मग त्याच्या शब्दाचा मान राखते.

मुलगी शहाणी. तिने जाऊन बाईंना विचारले, की मांस न घालता करता येईल असे तुमच्याकडचे काही मला शिकवाल का? हा प्रश्न सेगोव्हियात विचारणे धाडसाचे आहे. दुधपित्या डुकराचे भाजलेले पिल्लू हे त्या गावाचे नामांकित पक्वान्न, आणि ते इतके मऊ असते की सुरीऐवजी ताटलीच्या कडेने कापून दाखवतात. जवळच्या ला ग्रांखा गावच्या टपोऱ्या पांढऱ्या वालांची उसळही प्रसिद्ध आहे, पण तीत मांसाचे तुकडे असायचेच. 'मांस नको' म्हटले तर खाणावळीत पुष्कळदा वरचे तुकडे काढून तीच थाळी पुढे येते. बाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, लसणाचे सूप. शिळा पाव, लसूण, लाल मिरचीची पूड, तेल, पाणी. गरिबाघरचे अन्न. आपल्याकडे शिळ्या भाकरीचा कुस्करा करतात, त्याचीच ही स्पॅनिश बहीण. ते करताना बाईंनी विचारले, "चोवीस तारखेला रात्री येणार ना चौकात?"

त्या रात्रीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. सेगोव्हियाचा रक्षक संत सान फ्रुतोस. हा सातव्या-आठव्या शतकातला तपस्वी, आणि २५ ऑक्टोबर हा त्याचा दिवस. गावच्या कॅथीड्रलचे बांधकाम १५२५ साली सुरू झाले. त्याच्या एका दारावर, मुख्य चौकाच्या बाजूला, ह्या संताची दगडी मूर्ती आहे आणि तिच्या हातात उघडे पुस्तक आहे. लोकांची समजूत अशी, की दरवर्षी २४ तारखेच्या मध्यरात्री हा दगडी संत पुस्तकाचे एक पान उलटतो. ज्या वर्षी शेवटचे पान उलटेल त्या वर्षी जगाचा अंत होईल. म्हणून त्या रात्री गावकरी थंडीत कुडकुडत चौकात जमतात, लसणाचे गरम सूप पितात आणि पान उलटण्याची वाट पाहतात. पान उलटताना कोणी पाहिलेले नाही आणि उलटले नाही असेही कोणी म्हणत नाही. बाराचे टोले पडतात, सारे टाळ्या वाजवतात आणि जग आणखी एक वर्ष चालणार ह्या आनंदात घरोघर जातात.

बाई त्या रात्री तिचा हात धरून चौकात गेल्या होत्या. तिने मला कळवले, "मामा, बाईंनी ओळखीच्या माणसांना सांगितलं, ही आमच्याकडं राहते." त्या वाक्यातला 'आमच्याकडं' हा शब्द तिने दोनदा लिहिला होता.

येथे स्पॅनिश भाषेतली एक खुबी सांगतो. ती मला तिनेच शिकवली आणि मराठीच्या ह्या जुन्या विद्यार्थ्याला ती फार आवडली. आपल्या 'असणे' ह्या एका क्रियापदासाठी त्या भाषेत दोन क्रियापदे आहेत. मी सेगोव्हियात आहे, मी दमले आहे, मी एकटी आहे, असे सांगताना 'एस्तोय' म्हणायचे. मी बाई आहे, मी शिक्षिका आहे, मी अमुक गावची आहे, असे सांगताना म्हणायचे 'सोय'. पहिले स्थितीचे, दुसरे ओळखीचे. आपला 'सोय' आणि त्यांचा 'सोय' यांचे काही नाते नाही, हे मी जाणतो. उच्चार मात्र हुबेहूब एक. एखाद्या गावात 'एस्तोय'पासून 'सोय'पर्यंत जाणे, म्हणजेच आपल्या भाषेत सोयीपासून सोयरिकीपर्यंत जाणे. हा प्रवास एका रात्रीत होत नाही.

तो एका रात्रीत करू पाहणाऱ्या मुलीची कथा सेगोव्हियातच सांगतात. गावात रोमन काळातला एक भव्य जलसेतू आहे. त्याला इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातले बांधकाम मानतात. वीस हजारांवर दगडी चिरे, दीडशेहून अधिक कमानी, आणि आसोगेखो चौकात त्याची उंची सुमारे अठ्ठावीस मीटर. चुन्याचा थेंब न वापरता हे चिरे केवळ एकमेकांच्या भाराने उभे आहेत, आणि त्यावरून विसाव्या शतकापर्यंत पाणी वाहत होते. युनेस्कोने १९८५ साली जुन्या गावासह त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. दंतकथा अशी, की पाण्याच्या घागरी वाहून कंटाळलेल्या एका मोलकरणीने सैतानाशी करार केला. कोंबडा आरवण्यापूर्वी पाणी दारात आण आणि माझा आत्मा घे. सैतान रात्रभर खपला. शेवटचा एक दगड बसवायचा राहिला आणि पहाट झाली. मुलीचा आत्मा वाचला, जलसेतू गावाला मिळाला. ह्या कथेचे तात्पर्य निरनिराळे लोक निरनिराळे काढतील. मला त्यात एवढे दिसते, की सोय एका रात्रीत सैतानही करून देऊ शकतो. तिची किंमत मात्र विचारून घ्यावी.

शाळेतही पुढे थोडा बदल झाला. तेथली मुले शिक्षकांना नावाने हाक मारतात आणि 'तू' म्हणतात. स्पॅनिशमध्ये आदरार्थी रूप आहे, पण ते वर्गात क्वचितच वापरले जाते. आमच्या पिढीच्या मास्तरांना हे ऐकून ठसका लागेल. आदर जिभेवरून कमी झाला की वर्गातून जातोच असे नाही, हे तिच्या सांगण्यावरून मला मान्य करावे लागले. त्या मुलांनी तिच्या स्पॅनिशमधल्या चुका बिनदिक्कत दुरुस्त करायला सुरुवात केली. एका वर्गात बल्गेरियातून नुकताच आलेला एक मुलगा होता. सेगोव्हिया प्रांतात बल्गेरियन कुटुंबांची संख्या बरीच आहे. हा मुलगा कोणत्याच भाषेत तोंड उघडत नसे. एके दिवशी ह्या बाई फळ्यापुढे एका स्पॅनिश शब्दावर अडखळल्या, मुले हसली, बाईही हसल्या, आणि मागच्या बाकावरून तो मुलगा तो शब्द हळूच म्हणाला. त्याचा उच्चारही चुकीचाच होता. पण शिकवणारी बाई चुकत चुकत शिकते आहे हे त्याने पाहिले होते, आणि चुकण्याची भीती त्याची गेली. पदवीच्या परीक्षेत ह्याचे गुण मिळत नाहीत. पण ती शिक्षिका झाली तर ह्या प्रसंगानंतर झाली, असे मी म्हणेन.

तिच्या सहशिक्षकांच्या कथा ऐकून मला आपलीच खेडी आठवली. स्पेनमध्ये सरकारी शाळेत कायम होण्यासाठी कठीण स्पर्धापरीक्षा द्यावी लागते. निवड झाल्यावर नव्या शिक्षकाच्या वाट्याला बहुधा दूरचे गाव येते, आणि सेवेचे गुण साठत गेले की बदलीच्या यादीत तो हळूहळू वर सरकतो. कास्तिया प्रदेशातली खेडी ओस पडत चालली आहेत. तेथे पाच-सहा खेड्यांच्या मिळून एकत्रित ग्रामीण शाळा चालतात. एका खोलीत निरनिराळ्या इयत्तांची मूठभर मुले, आणि संगीताचे, व्यायामाचे, इंग्रजीचे शिक्षक गाडी घेऊन गावोगाव फिरणारे. ज्या गावात शाळेची घंटा वाजते तेथे अजून कोणीतरी राहते, असे तेथले लोक मानतात. आपल्याकडे वेगळे काय आहे?

ह्या संदर्भात त्या माचादोची हकीकत सांगायलाच हवी, कारण हा थोर कवी पोटापाण्यासाठी शाळामास्तर होता. १८७५ साली सेव्हिलमध्ये जन्मलेला हा माणूस १९०७ साली सोरिया ह्या लहान गावी फ्रेंच भाषेचा शिक्षक म्हणून गेला आणि एका खाणावळीत उतरला. १९०९ साली त्याने त्याच खाणावळवाल्यांच्या मुलीशी, लेओनोरशी, लग्न केले. ती तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि तो चौतीसचा; आजच्या दृष्टीला हे खटकते आणि खटकावेच. पण सोयीची सोयरीक ती शब्दशः येथे झाली. तीन वर्षांनी, १ ऑगस्ट १९१२ रोजी, लेओनोर क्षयाने गेली. माचादोला सोरियात राहवेना. त्याने बदली मागितली आणि तो दक्षिणेस बाएसा येथे गेला. पुढे १९१९ साली तो सेगोव्हियात आला आणि १९३२ पर्यंत तेथे होता. एका अरुंद गल्लीतल्या खाणावळीत त्याची साधी खोली होती. आज त्या घराचे संग्रहालय झाले आहे.

सेगोव्हियात त्याचे घरचे कोणी नव्हते. सुट्टी लागली की तो माद्रिदची गाडी धरी. तरीही आल्या वर्षीच गावातल्या काही मंडळींनी कामगारांसाठी लोकविद्यापीठ काढले, त्यात तो सामील झाला. संध्याकाळी तेथे विनामूल्य वर्ग चालत. पुढे त्याने एका काल्पनिक मास्तराचे पुस्तक लिहिले, ते १९३६ साली प्रसिद्ध झाले. त्यातला खुआन दे माइरेना हा पगार घेतो व्यायामशिक्षकाचा, आणि फुकट शिकवतो वक्तृत्व. पगाराचे काम आणि मनाचे काम यांतला भेद ज्याला कळला आहे, असाच शिक्षक हे पात्र निर्माण करू शकतो. आणि १४ एप्रिल १९३१ रोजी स्पेनमध्ये प्रजासत्ताक आले, तेव्हा सेगोव्हियाच्या नगरपालिकेवर नवा झेंडा चढवणाऱ्यांत हा परगावचा फ्रेंच मास्तर होता. बारा वर्षे लागली. पण ज्या गावात तो बदलीने आला होता त्या गावाने आपल्या मोठ्या दिवशी त्याला पुढे बोलावले. सोयरीक झाल्याची याहून मोठी साक्ष कोणती?

आमची भाची नाताळला इंग्लंडला गेली आणि जानेवारीत परत सेगोव्हियात आली. परत का गेलीस, असे मी विचारले नाही. तिने होऊन सांगितले ते मजेदार होते. निघण्यापूर्वी बाईंनी डब्यात घालून काहीबाही दिले होते. आपल्या आईची शिकवण, की शेजारचे भांडे कधी रिकामे परत करू नये. म्हणून तिने तो डबा घरी केलेल्या शंकरपाळ्यांनी भरून परत नेला. बाईंना ही रीत ठाऊक नव्हती. त्यांनी शंकरपाळे खाल्ले आणि चार दिवसांनी डबा पुन्हा भरून तिच्या दारात ठेवला. त्यानंतर तो डबा कोणाचा, हे दोघींनाही सांगता येईना.

फेब्रुवारीत बाई तिला गावालगतच्या सामार्रामाला वस्तीत सांता आगेदाच्या उत्सवाला घेऊन गेल्या. तेथे त्या दिवशी कारभार बायकांच्या हाती जातो, स्त्रिया अधिकाराची काठी घेऊन मिरवतात आणि पेंढ्याचा पुरुष जाळतात. रविवारच्या जेवणानंतर ताटे उचलली तरी तास-दीड तास कोणी उठत नाही, हेही आता तिला लांबलेले वाटेना. ह्या जेवणानंतरच्या बसण्याला त्यांच्या भाषेत 'सोब्रेमेसा' असा स्वतंत्र शब्द आहे. आपल्याकडे त्याला शब्द नाही, पण पानावर गप्पा मारता मारता हात वाळल्याचा अनुभव कोणत्या मराठी घराला नाही? मे महिन्याच्या अखेरीस तिचे काम संपले आणि ती परतली. आजही कोणी विचारले तर ती स्वतःला सेगोव्हियाची म्हणवत नाही. तेवढा विवेक तिच्यात आहे. पण 'मी तेथे होते' असे म्हणताना तिचा आवाज पहिल्या महिन्यातला नसतो.

वाचकहो, आपली ही सारी वस्ती मुळात बाहेरून आलेल्यांची. आपल्या पूर्वजांना कोणी वाडा दिला असेल, कोणी जमीन दिली असेल. ती झाली सोय. पण येथल्या भाषेत भांडता येऊ लागले, येथल्या सणाला मन हलू लागले आणि येथल्या शेजाऱ्याचे देणे अंगावर आले, तेव्हा कोठे आपण येथले झालो. हे आपल्याला जितके ठाऊक आहे तितके फार थोड्यांना असेल. म्हणून हा विषय आपल्या मासिकात काढण्याचा मला संकोच वाटला नाही.

आज प्रत्येक घरातले एखादे मूल दूरच्या गावी आहे. रात्री फोनवर आपण विचारतो, 'जेवलास का? खोली नीट आहे ना? पैसे पुरतात ना?' हे विचारावेच. पण त्याबरोबर कधी हेही विचारावे, 'तुझ्याकडे कुणाचं भांडं परत करायचं राहिलंय का?' उत्तर होकारार्थी आले तर निर्धास्त झोपावे. पोर एकटे नाही.

आणि याची दुसरी बाजूही आहे. आपल्या गल्लीतही कोणी परप्रांतीची तरुण शिक्षिका, कोणी नवा कारकून, कोणी शिकायला आलेला मुलगा खोली घेऊन राहत असेल. त्याची सोय झालेली असेल. भाडे वेळेवर येत असेल. तो काही मागायला येणार नाही, कारण मागावे हे त्याला अजून कोणी शिकवलेले नसेल. अशा वेळी आपणच एखादी वाटी घेऊन त्याच्या दारी जावे आणि विचारावे, 'अहो, जरा विरजण आहे का?'